संध्याकाळनंतरचे बुडबुडे

२०२४ च्या मे महिन्यात लडाखमधील हानले येथील रात्रीच्या आकाशाची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली होती. डोंगरांच्या मागे तांबडा उजेड पसरलेला. १० मेच्या रात्री एक मोठे चुंबकीय वादळ पृथ्वीवर येऊन थडकले, त्याचा तो परिणाम होता. जूनमध्ये शाळा उघडल्यावर नववीतील एका मुलीने ते कात्रण वहीत चिकटवून आणले आणि विचारले, "सर, आपल्या अहमदपूरला हे का दिसले नाही?"

मी सांगितले की सूर्याकडून आलेले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांच्या मार्गाने ध्रुवांकडे जातात. म्हणून असा प्रकाश ध्रुवांजवळ दिसतो. फारच मोठे वादळ असले तर थोडा खाली सरकतो. आपण त्यापासून पुष्कळ दूर आहोत. इथपर्यंत ठीक होते. मग तिने विचारले, "म्हणजे सूर्यावरच्या वादळांचा आपल्याला काही त्रास नाही?" मी म्हणालो, "नाही."

हे दुसरे उत्तर चुकीचे होते. घरी जाऊन वाचू लागलो तेव्हा कळले की अवकाशातील हवामानाचा एक चमत्कारिक प्रकार नेमका आपल्याच आकाशात घडतो, आणि तोही वादळ नसलेल्या साध्या संध्याकाळी. वर्गात जी दुरुस्ती केली, ती इथे सविस्तर मांडतो आहे.

अहमदपूर नकाशात कोठे आहे?

अहमदपूरचे अक्षांश सुमारे १८.७ उत्तर. म्हणजे भौगोलिक विषुववृत्तापासून जवळजवळ १९ अंश. पण पृथ्वीला आणखी एक विषुववृत्त आहे, चुंबकीय विषुववृत्त. दोऱ्याला टांगलेली चुंबकसूची ज्या ठिकाणी वर किंवा खाली न झुकता अगदी आडवी राहते, त्या ठिकाणांना जोडणारी ही रेषा. भारतात ती दक्षिण टोकाजवळून, केरळ-तमिळनाडूतून जाते. त्यामुळे चुंबकीय हिशेबाने आपण विषुववृत्तापासून फक्त साडेदहा-अकरा अंशांवर आहोत.

याला महत्त्व का? जमिनीपासून साधारण ८० किलोमीटरच्या वर सूर्याच्या अतिनील किरणांमुळे हवेतील अणू-रेणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात. या विद्युतभारित थराला आपण आयनांबर म्हणतो. त्याचा सर्वांत दाट भाग २५० ते ४०० किलोमीटरच्या आसपास असतो. दिवसा चुंबकीय विषुववृत्तावर पूर्वेकडे रोखलेले विद्युतक्षेत्र असते आणि चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे आडवे असते. या दोहोंच्या एकत्र परिणामाने आयनांबरातील द्रव्य वर उचलले जाते, आणि मग बलरेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना खाली येते. कारंज्याचे पाणी मध्ये वर जाऊन कडेला पडावे तसे. हे कारंजे आपल्या बाजूला अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यावर पडते. आपला मराठवाडा कारंज्याच्या उगमाच्या आणि त्या पट्ट्याच्या मध्ये येतो.

उलटा ठेवलेला पेला

आता सूर्यास्तानंतर काय होते ते पाहू. त्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. सारख्या तोंडाचे दोन काचेचे पेले घ्या. एकात काठोकाठ पाणी, दुसऱ्यात काठोकाठ गोडेतेल. तेलाचा पेला परातीत ठेवा. पाण्याच्या पेल्यावर जाड पुठ्ठ्याचा तुकडा दाबून तो पेला उलटा करा आणि तेलाच्या पेल्यावर तोंडाला तोंड लावून ठेवा. मग पुठ्ठा सावकाश, थोडाच सरकवा. जड पाणी वर, हलके तेल खाली. ही रचना टिकत नाही. तेलाचे बुडबुडे वर चढू लागतात आणि पाणी त्यांच्या बाजूंनी खाली उतरते.

आयनांबरात असेच घडते. सूर्य मावळताच खालच्या थरांतील इलेक्ट्रॉन आणि आयन पुन्हा एकत्र येतात आणि ते थर विरळ होतात. वरचा दाट थर मात्र कायम असतो. इतकेच नव्हे, सूर्यास्ताच्या सुमारास ते पूर्वेकडचे विद्युतक्षेत्र थोडा वेळ जोर धरते आणि दाट थराला आणखी वर ढकलते. म्हणजे दाट वर, विरळ खाली. दाट थर खाली कोसळत नाही, कारण आडव्या बलरेषांनी त्याला तोलून धरलेले असते. पण हा तोल कच्चा. थराच्या खालच्या बाजूवर एखादी लहानशी लाट उठली की ती वाढत जाते, आणि विरळ द्रव्याचा बुडबुडा दाट थर फोडून वर चढू लागतो. कधी त्याचा वेग सेकंदाला शेकडो मीटर असतो. त्याच्या आतील इलेक्ट्रॉनांची घनता भोवतालच्या दहाव्या भागाइतकी, कधी त्याहूनही कितीतरी कमी असते.

या बुडबुड्याला गोल समजू नका. विद्युतभारित द्रव्य बलरेषेवरून सहज पसरते. म्हणून तो उत्तर-दक्षिण पसरलेल्या कमानीसारखा असतो. कमानीचा माथा चुंबकीय विषुववृत्तावर, पाय दोन्ही बाजूंना खाली टेकलेले. माथा जितका उंच, तितके पाय दूर. ढोबळ हिशेबाने, विषुववृत्तावर बुडबुडा साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास चढला की त्याचा उत्तरेकडचा पाय अहमदपूरच्या वर ३०० किलोमीटरवर येतो. बुडबुडे याहून उंचही जातात, काही तर हजार किलोमीटरच्या पलीकडे. तेव्हा ते आपल्या डोक्यावरून जातात, यात शंका नाही. डोळ्यांना मात्र काही दिसत नाही.

एसटीतील प्रवासी आणि माळ्यावरचा राखणदार

न दिसणारी गोष्ट कळली कशी? १९३८ मध्ये पेरू देशातील हुआंकायो येथे बुकर आणि वेल्स या शास्त्रज्ञांच्या लक्षात आले की आयनांबराकडे पाठवलेल्या रेडिओलहरींचे प्रतिध्वनी काही रात्री स्वच्छ परतत नाहीत, विस्कटून येतात. काय विस्कटते ते कळायला पुढे चाळीस वर्षे लागली. त्याचे कारण समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ.

लातूरहून नांदेडला एसटीने निघालात, तर चाकूर, अहमदपूर, लोहा करत खिडकीतून शेकडो शेते दिसतात. कोठे पीक जोमदार, कोठे करपलेले, हे कळते. पण एका शेतावर नजर टिकते क्षणभरच. ते पीक काल कसे होते, उद्या कसे असेल, हे प्रवाशाला सांगता येत नाही. उलट माळ्यावर बसलेला राखणदार रात्रभर एकच शेत पाहतो. तेथे काय, किती वाजता घडले ते तो नेमके सांगेल. पण शेजारच्या गावाची त्याला वार्ता नसते.

उपग्रह हा एसटीतील प्रवासी. तो सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने जातो. शंभर किलोमीटर रुंदीचा बुडबुडा तो तेरा-चौदा सेकंदांत ओलांडतो. यंत्र सांगते, 'येथे घनता एकदम घटली होती.' बुडबुडा वर चढत होता की मरत आला होता, हे त्या एका फेरीतून कळणे कठीण. दीड तासाने उपग्रह पुन्हा येतो तोवर पृथ्वी सुमारे साडेबावीस अंश फिरलेली असते, आणि त्याच्याखाली वेगळाच मुलूख असतो.

रडार हा राखणदार. पण त्याचीही एक अडचण आहे. समजा रेल्वेच्या फलाटावर उभे राहून तुम्ही भिंतीच्या बारीक फटीतून जाणारी गाडी पाहत आहात. एकामागून एक दिसणारे डबे हे एकाच डब्यात झालेले बदल आहेत, की वेगवेगळे डबे? आकाशात बुडबुडे पूर्वेकडे सरकत असतात. रडारच्या आलेखावर वर चढणारी रेघ दिसली, तर बुडबुडा खरोखर चढत होता, की तिरकस उभा बुडबुडा झोतासमोरून नुसता सरकत गेला? एकट्या स्थिर रडारला हे सांगणे जड जाते.

तिसरी अडचण आकाराची. रडारची लहर आयनांबरातील तरंगांवरून परतते, पण तिच्या तरंगलांबीच्या निम्म्या अंतराने असलेले तरंगच तिला जोरदार प्रतिध्वनी देतात. तिरुपतीजवळ गादंकी येथील रडारची वारंवारता ५३ मेगाहर्ट्झ आहे. प्रकाशाच्या वेगाला तिने भागा. तरंगलांबी सुमारे ५.७ मीटर येते, निम्मी २.८ मीटर. म्हणजे हे रडार जेमतेम खोलीएवढ्या तरंगांकडे पाहते, आणि उपग्रह जिल्ह्याएवढ्या पोकळीकडे. दोघे एकाच वस्तूविषयी बोलत आहेत कशावरून?

दोन साक्षी जुळल्या

१९७६ मध्ये पेरूतील हिकामार्का येथील मोठ्या रडारच्या साहाय्याने वुडमन आणि ला होझ यांनी प्रतिध्वनींचे नकाशे प्रसिद्ध केले. त्यांत आयनांबराच्या तळापासून वर उसळलेले तुऱ्यांसारखे आकार दिसत होते. हे तुरे म्हणजे वर चढणारे विरळ बुडबुडेच असावेत, असा तर्क त्यांनी मांडला. त्याच सुमारास विषुववृत्तावरून जाणाऱ्या उपग्रहांना घनतेचे खड्डे आढळत होते. तर्क चांगला होता, पण पुरावा हवा होता.

तो प्रशांत महासागरातील क्वाजालीन बेटावर मिळाला. तेथील रडारची प्रचंड तबकडी हवी तशी फिरवता येत असे. रोलंड त्सुनोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पूर्व-पश्चिम फिरवून आकाशाचा संपूर्ण काप टिपला. फटीतून पाहण्याऐवजी दारच उघडले म्हणा. आणि त्याच वेळी त्याच भागातून जाणाऱ्या 'ॲटमॉस्फिअर एक्सप्लोरर-ई' या उपग्रहाची नोंद शेजारी ठेवली. रडारला जेथे तुरा दिसला, तेथेच उपग्रहाला खड्डा सापडला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या या कामाने दोन्ही गोष्टी एकच आहेत हे दाखवले. तुरा हा बुडबुड्याचा तरुणपणीचा चेहरा. रात्र चढते तसे लहान तरंग आधी विरून जातात आणि रडारचा प्रतिध्वनी थांबतो. पण मोठी पोकळी कितीतरी वेळ तशीच राहते. म्हणजे रडारला काही दिसत नाही याचा अर्थ आकाश निवळले असा नव्हे. दोन साक्षीदारांना एकत्र बसवल्याशिवाय ही गोष्ट कळली नसती.

आपल्याकडचे पहारेकरी

गादंकीचे रडार १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उभे राहिले. १३० मीटर लांब-रुंद मैदानावर १०२४ अँटेना. बलरेषांना काटकोनात पाहता यावे म्हणून बुडबुड्यांच्या निरीक्षणासाठी त्याचा झोत थोडा उत्तरेकडे कलता ठेवतात. १९९४ मध्ये भारताने सोडलेल्या स्रॉस-सी२ या उपग्रहावर आयनांबरातील घनता आणि तापमान मोजणारे उपकरण होते, आणि त्याने काही वर्षे आपल्या आकाशातून नोंदी पाठवल्या.

महाराष्ट्रातील पहारा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. तिचे मुख्य केंद्र नवीन पनवेलला. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात तिचे रडार आहे. ते कमी वारंवारतेचे, १.९८ मेगाहर्ट्झचे, आणि आयनांबराच्या खालच्या भागातील वारे मोजणारे. बुडबुड्यांसाठी कोल्हापुरात वापरले गेलेले साधन म्हणजे सगळे आकाश एकदम टिपणारा कॅमेरा. रात्री सुमारे २५० किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे अणू अतिशय मंद तांबडा प्रकाश देत असतात. त्याची तरंगलांबी ६३० नॅनोमीटर. साध्या डोळ्यांना तो दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. जेथे बुडबुडा, तेथे इलेक्ट्रॉन कमी, म्हणून प्रकाशही कमी. चित्रात उत्तर-दक्षिण पसरलेले काळे पट्टे उमटतात आणि ते पूर्वेकडे सरकताना दिसतात.

कोल्हापूर आणि अहमदपूर यांत सरळ रेषेत सुमारे ३६० किलोमीटर अंतर आहे. एवढ्या अंतरावरचा, २५० किलोमीटर उंचीचा भाग असा कॅमेरा सहज पाहतो. तेव्हा आपल्या डोक्यावरचे बुडबुडे कोल्हापुरात टिपले जाऊ शकतात.

मुलांसाठी हे गणित पाहा. कोल्हापूरचे रेखांश ७४.२, अहमदपूरचे ७६.९, गादंकीचे ७९.२. आपल्या अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे साधारण १०५ किलोमीटर. बुडबुड्याचा वेग सेकंदाला १२० मीटर धरू. कोल्हापूरच्या डोक्यावर रात्री नऊला असलेला पट्टा अहमदपूरला किती वाजता येईल? अंतर सुमारे २८५ किलोमीटर, वेळ चाळीस मिनिटे. नऊ चाळीसला तो आपल्यावर असेल, आणि सव्वादहाच्या आधी गादंकीच्या रेखांशावर. कमान उत्तर-दक्षिण लांब असल्याने गादंकीच्या रडारला तिचाच दुसरा भाग सापडू शकतो, लहान तरंग तोवर टिकले असतील तर. प्रत्यक्षात वेग रात्रभर सारखा राहत नाही. तरीही तीन साधनांच्या नोंदी एकत्र ठेवण्यामागची कल्पना या गणितातून स्पष्ट होते.

मग सूर्याच्या वादळाचे काय?

बुडबुड्यांसाठी वादळ लागत नाही. सूर्य सक्रिय असलेल्या वर्षांत, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते आपल्याकडे जास्त दिसतात. पण वादळ या खेळात हात घालते. सौरवाऱ्यातील चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळले की ध्रुवांवरील विद्युतक्षेत्र काही वेळ थेट विषुववृत्तापर्यंत पोहोचते. तेव्हा ज्या प्रदेशात संध्याकाळ असेल तेथे दाट थर आणखी उचलला जातो आणि मोठे बुडबुडे उठतात. काही तासांनी ध्रुवांकडे तापलेल्या हवेचे वारे उलटे विद्युतक्षेत्र निर्माण करतात. त्यानंतर येणारी संध्याकाळ उलट शांत जाऊ शकते. म्हणजे वादळ किती मोठे याइतकेच ते आपल्या घड्याळात किती वाजता आले, हेही महत्त्वाचे. १० मे २०२४ चा धक्का भारतीय वेळेनुसार रात्री साडेदहाच्या सुमारास बसला. २००३ नंतरचे ते सर्वांत तीव्र वादळ ठरले.

हा धक्का चुंबकीय वेधशाळांत नोंदला जातो, आणि या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत असत. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर प्रखर झोत पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी कुलाब्याला क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे जवळजवळ चार टक्क्यांनी घसरला. २००३ मध्ये भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्षसिंग लाखिना, शोभना ॲलेक्स आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी ती जुनी नोंद तपासून प्रसिद्ध केली, तेव्हा त्या वादळाचा आकार जगाला समजला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये वेधशाळेचे हे काम अलिबागला हलवले गेले.

आता यात आणखी वरची एक चौकी आली आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरील आपल्या जागी पोहोचले. सौरवारा सेकंदाला ४०० किलोमीटरने येत असेल, तर यानाला लागलेला वारा आपल्यापर्यंत यायला तासभर लागतो. वादळात वेग वाढतो आणि अवधी निम्म्यावर येतो. सूचना तेवढ्याच वेळाची.

बांधाचा प्रश्न

हे सर्व कशासाठी जाणायचे? जीपीएसच्या उपग्रहाकडून येणारी लहर आयनांबरातून येताना मंदावते. दुपारी आपल्याकडे आयनांबर दाट असताना ही चूक पंधरा-वीस मीटरपर्यंत जाऊ शकते. दाट थर एकसारखा असला तर ती काढून टाकता येते. जमीन मोजणीसाठी आता जे रोव्हर वापरतात, त्यांत हीच युक्ती आहे. दूरच्या स्थिर केंद्रावर आणि शेतात सारखीच चूक होते, म्हणून वजाबाकी केली की ती जाते. पण दोघांच्या मध्ये बुडबुड्याची कड आली, तर दोन्हीकडची चूक सारखी राहत नाही. वजाबाकी फसते. शिवाय काही शे मीटरांचे तरंग लहरीला इतके हलवतात की यंत्राची उपग्रहावरील पकडच सुटते. आपल्याकडे वीतभर बांधासाठी भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात, तेथे याचे मोल सांगायला नको. मोजणी दिवसा होते आणि बुडबुडे रात्री उठतात, हे आपले नशीब. विमानांना आणि जहाजांना ती सवलत नाही. मे २०२४ च्या वादळात अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले होते.

भारताने विमानांसाठी 'गगन' ही यंत्रणा उभारली तेव्हा हीच अडचण पुढे आली. देशभरातील पंधरा केंद्रे आयनांबराची चूक मोजतात आणि दुरुस्ती उपग्रहामार्फत विमानांना कळवतात. पण अमेरिकेच्या शांत आकाशासाठी केलेली हिशेबपद्धत आपल्या कारंज्याखाली पुरली नाही. आपल्यासाठी वेगळी करावी लागली. २०१५ मध्ये विमान धावपट्टीकडे उतरवण्यासाठी या यंत्रणेला मान्यता मिळाली.

तरीही एक प्रश्न सुटलेला नाही. सोमवारी संध्याकाळी बुडबुडे उठतात, मंगळवारी सर्व परिस्थिती तशीच दिसत असूनही उठत नाहीत. असे का? ती पहिली लहानशी लाट कोण उठवते? काहींच्या मते खाली गडगडणाऱ्या ढगांपासून निघालेल्या हवेच्या लाटा. खात्रीने आदल्या दिवशी सांगणे अजून कोणालाही जमलेले नाही.

वर्गात हे करून पाहता येईल. उपग्रहांचे संकेत किती जोराचे आहेत हे दाखवणारी साधने आता साध्या मोबाइलवर मिळतात. मार्च किंवा सप्टेंबरमध्ये, उघड्या गच्चीवर, संध्याकाळी सात ते दहा या वेळेत दर पाच मिनिटांनी प्रत्येक उपग्रहाचा आकडा वहीत लिहायचा. महिनाभर, रोज त्याच जागी. एखाद्या रात्री काही उपग्रहांचे आकडे एकदम वरखाली होऊ लागले, आणि ते आकाशाच्या एकाच बाजूचे असले, तर तारीख व वेळ ठळक करा. झाड, भिंत किंवा माणूस आड आल्यानेही आकडा पडतो, म्हणून मोबाइल हलवू नका.

त्या मुलीने कात्रणाखाली आता एक ओळ लिहिली आहे : 'आपल्याकडे दिसत नाही, पण घडते.' माझ्या चुकीच्या उत्तरावर तिने रेघ मारली. ती मीच मारायला सांगितली होती.